पडदा आमचा, तार त्यांची

साडूचा फोटो स्टुडिओ बंद होणार, ही बातमी आमच्या घरात दुःखाची म्हणून आली. मला दुःख झालं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याच्याविषयी जे लिहिणार आहे त्याचं कुणाला नवल वाटायला नको.

मी ढोकीत राहतो आणि शेळ्यांचा व्यापार करतो. सुरुवात दुसऱ्याच्या शेळ्या राखण्यापासून झाली. आज स्वतःची पिकअप आहे, कर्नाटकातले व्यापारी माझ्या शब्दावर माल उचलतात, आणि यातलं काहीही मला कुणी हातावर ठेवलेलं नाही. साडूला धाराशिवात बापाची जागा मिळाली, काचेचं दार मिळालं, गळ्यात कॅमेरा मिळाला. सासुरवाडीला गेलो की त्याला खुर्ची आणि मला सतरंजी. तेही मी सोसलं. पण एका बारशाला, सगळी पंगत बसलेली असताना, तो माझ्या मुलीवर बोलला. ती पुण्यात नोकरी करत होती. तिथल्या खोलीवर तिला कावीळ झाली, वाळून काडी झाली, म्हणून मी तिला घरी आणलं होतं. साडू वाढणाऱ्याला हाताने थांबवून म्हणाला, "शेळ्यावाल्याची पोरगी लई शिकली, अन् आली की माघारी लेंड्या गोळा करायला." लोक हसले. माझ्या हातात घास होता. तो मी खाल्ला, पण ते वाक्य अजून गिळलेलं नाही.

मुलगी बरी झाली आणि तिला एका कंपनीचं घरून करायचं काम सापडलं. जमिनीचे जुने, हाताने काढलेले नकाशे पडद्यावर बघायचे आणि त्यांच्या रेषा कॉम्प्युटरवर नव्याने ओढायच्या. एका पडद्यावर जुना नकाशा, दुसऱ्यावर नवा. सोमवारपासून आठवडाभर चाचणी होती. तीत उतरली तर घरी राहून काम, नाही उतरली तर पुन्हा पुणं आणि पुन्हा तीच खोली. कंपनीने बजावलं होतं की दोन पडदे पाहिजेत आणि त्यातला एक मोठा पाहिजे. आमच्याकडे एकही नव्हता. पहिला लॅपटॉप जुन्या कंपनीचा होता, तो तिने परत केला होता.

चाचणीच्या आदल्या आठवड्यात साडूने स्टुडिओतला माल विकायला काढला. माझी बायको म्हणाली, ताईच्या घरचं सामान बाहेर जाण्यापेक्षा आपल्याकडे आलेलं बरं. मी म्हटलं, घेईन, पण नातं बाजूला ठेवून घेईन.

त्याच्याकडे एक लॅपटॉप होता आणि एक जुना मोठा कॉम्प्युटर. मोठ्याला वेगळा डबा नव्हता, सगळं यंत्र पडद्याच्याच पोटात. लग्नाचे अल्बम त्यावर बनायचे. साडूने दोन्ही एका तारेने जोडले, मोठ्याच्या कीबोर्डवरची दोन बटणं एकदम दाबली आणि लॅपटॉपचं चित्र मोठ्या पडद्यावर आलं. मुलीने माझ्याकडे बघून मान हलवली. मी तिला डोळ्यांनीच दटावलं. गिऱ्हाइकाच्या बाजूचं माणूस खूश दिसलं की भाव तिथेच थांबतो, हे तिला अजून कळत नाही.

मग मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. मोठ्या पडद्याच्या कोपऱ्यातल्या चऱ्यावर बोट ठेवलं आणि काही न बोलता ते तिथेच ठेवून बसलो. आवाज ऐकला, मागची भोकं चाचपली, पुन्हा चालू-बंद करायला लावलं. साडू म्हणाला, "शेळी हाय का ही, पाव्हणं?" मी म्हटलं, शेळी असती तर निदान दूध तरी दिसलं असतं. उठून दारापर्यंत गेलो, चप्पल घातली, परत आलो. शेवटी मला पाहिजे होता त्या भावाच्याही खाली तो उतरला. जाताना त्याचा चेहरा बघून मला बारशातल्या पंगतीची आठवण झाली आणि बरं वाटलं. अक्का, म्हणजे साडूची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, आतून चहा घेऊन आली होती. ती सगळा वेळ एक शब्द बोलली नाही. तारा, कीबोर्ड वगैरे तिनेच गोळा करून पिशवीत भरून दिलं. मी पिशवीत बघितलं नाही. मी मोठा माल बघत होतो.

घरी आल्यावर मुलीने पिशवी उलटी केली. विजेची तार होती, कीबोर्ड होता, चार्जर होता. दोन यंत्रं जोडायची तार नव्हती.

तेव्हा मला राग आला नाही. सामान बांधताना राहिली असेल असं वाटलं. साडूला फोन करून एका तारेसाठी तोंड वेंगाडायची माझी इच्छा नव्हती. मुलीने भोकाचा फोटो काढून दिला, तो घेऊन मी धाराशिवला स्टँडजवळच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने फोटो मोठा करून बघितला, एक पाकीट काढलं आणि सांगितलं की हीच. मी त्याच्याशीही भावावरून भांडलो आणि तार घेऊन आलो.

तार बसली. दोन्ही बाजूंना अशी बसली की जणू तिच्यासाठीच भोक पाडलं होतं. मुलीने दोन्ही यंत्रं चालू केली, ती दोन बटणं दाबली, आणि काही झालं नाही. पुन्हा दाबली. तार उलटी करून लावली. लॅपटॉप बंद करून चालू केला, मग मोठा बंद करून चालू केला, मग दोन्ही. मोठ्या पडद्यावर साडूच्या स्टुडिओतला एक नवरदेव तसाच हसत उभा होता. लॅपटॉपला आपल्याला काही जोडलंय याचा पत्ताच नव्हता.

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी साडूला फोन लावला. हॅलो म्हणायच्या आधीच मी त्याला बेइमान म्हटलं. तो म्हणाला की माझ्यासमोर चालवून दाखवलंय, मी डोळ्यांनी बघितलंय. मी म्हटलं, नंतर आतलं काहीतरी काढून घेतलंस. तो म्हणाला, "तुमाला जमत न्हाय म्हणून माल खराब व्हय? शेळ्याच बघा तुमी." मी त्याच्या बापाच्या जागेपासून त्याच्या काचेच्या दारापर्यंत सगळं काढलं. त्याने फोन ठेवला. मग मी पारावर जाऊन बसलो आणि भेटेल त्याला सांगत सुटलो की सख्ख्या साडूने मला खराब माल दिला. कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टरवालेसुद्धा थांबून ऐकून गेले.

घरी मुलगी वेगळ्या वाटेने चालली होती. तिने मोबाइलवर वाचून एकेक गोष्ट तपासायला घेतली. लॅपटॉपची आतली सिस्टिम नवी झालेली असली तर जुना पडदा त्याला ओळखत नाही, म्हणे. ती बघितली, जुनीच होती. कीबोर्ड मोठ्या यंत्रालाच जोडलेला पाहिजे, तसाच होता. मी म्हटलं, टीव्हीला लाव. तिने लॅपटॉप आमच्या टीव्हीला लावून बघितला. चित्र आलं, पण नकाशावरच्या बारीक रेषा भिजलेल्या कागदावरच्या शाईसारख्या पसरत होत्या. एका बांधाच्या जागी दोन बांध दिसायला लागले. त्यावर काम झालं असतं तर दोन भाऊ कोर्टात गेले असते.

मुलगी म्हणाली, "अण्णा, साधा एखादा मॉनिटर आणू. हे राहू द्या." मी तिच्यावरही ओरडलो. हा पडदा मी मोजून-मापून घेतला होता. तो खोलीत पांढऱ्या हत्तीसारखा ठेवून शेजारी दुसरा आणायचा, म्हणजे साडूने येऊन बघायचं आणि हसायचं. ते मला या जन्मात चाललं नसतं. तिने तोंड फिरवलं. बायकोने मला बाहेर जायला सांगितलं.

बाहेर जाऊन मी परत आलो तेव्हा मुलगी विजेरी घेऊन मोठ्या यंत्राच्या मागे वाकलेली होती. तिने मला बोलावलं. भोकाच्या वर एक इवलीशी खूण होती, आभाळातून वीज पडते तशी. मग तिने मी आणलेल्या तारेचं टोक दाखवलं. त्यावर वीज नव्हती, एक छोटी चौकट होती. दोन्ही तारांचं तोंड एकसारखं असतं, पण आतून त्या वेगळ्या, असं तिने वाचलं होतं. चौकटीची तार या यंत्रातून चित्र बाहेर नेते. बाहेरचं चित्र आत आणायला विजेच्या खुणेचीच तार लागते.

मी ती तार उचलली आणि भिंतीवर आपटली. शेळीचे दात बघावेत तसं मी भोक बघून घेतलं होतं. तोंड बसलं म्हणजे झालं असं मी धरून चाललो, आणि त्या दुकानदारानेही तसंच धरलं. दुसऱ्या दिवशी तार घेऊन मी त्याच्याकडे गेलो तर तो म्हणाला, पाकीट फोडलेलं आहे, परत होणार नाही. मीही विकलेली शेळी परत घेत नाही. पण मी बोकड देऊन शेळी म्हणत नाही. एवढं त्याला ऐकवून विजेच्या खुणेची तार मागितली. त्याने अशी तार कधी बघितलीच नव्हती. लातूरला फोन केले, सोलापूरला फोन केले. एकाने हो म्हणून फोटो पाठवला, तीही चौकटीचीच निघाली. मोबाइलवरून मागवायची तर ती चाचणी संपल्यावर पोचणार होती.

सोमवार उद्यावर आला. आता ती तार एकाच घरात होती.

साडूच्या घरी पोचलो तो भांडायच्या तयारीनेच. मुलगी बरोबर होती. साडू पुढच्या खोलीत पेपर वाचत होता, त्याने पेपर खाली घेतला नाही. मी आत पाय टाकला आणि मला ती दिसली. देवघराच्या शेजारी भिंतीत खिळा मारलेला, त्यावर गुंडाळी करून लटकवलेली जाड पांढरी तार. टोकावर वीज. खाली कुंकवाचं बोट लावलेलं.

त्याचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे घरचं जनावर विकलं तरी त्याचं दावं गिऱ्हाइकाला देत नाहीत. जनावर जातं, दावं घरात राहतं, म्हणजे दावण रिकामी राहत नाही. म्हणून मी घरची शेळी आणायला जातो तेव्हा खांद्यावर माझी स्वतःची दावी असतात. गळ्यातलं जुनं दावं सोडायचं आणि घरातल्या बाईच्या हातात द्यायचं. हे मी आयुष्यभर केलेलं काम आहे.

पण कॉम्प्युटरचं दावं? मी साडूकडे वळून म्हटलं, हे काय नाटक आहे? पेपरच्या मागून तो म्हणाला, मला माहीत नाही, तिलाच विचारा.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिला कधी चढ्या आवाजात बोललेलो नाही, पण त्या दिवशी बोललो. म्हटलं, अक्का, पोरीची परीक्षा उद्या आहे, माल आम्ही पुरता घेतला, तार आमची आहे. ती शांतपणे म्हणाली, "दाजी, दावं देत नसतेत. तुमाला म्या सांगायचं व्हय?"

"ते जनावर न्हाय, अक्का. मशीन हाय."

"तुमच्यासाठी आसंल."

मग ती बोलत गेली आणि साडूचा पेपर हळूहळू खाली आला. कॅमेरा साडूच्या गळ्यात असायचा, पण अल्बम अक्का बनवायची. पोरं शाळेत गेली की त्या मोठ्या पडद्यासमोर बसायची. नवरीच्या डोळ्यांखालचं काळं काढायची, रुसलेल्या मामाला दुसऱ्या फोटोतून आणून हसरा करायची, वऱ्हाडात नसलेल्या आजोबांना जुन्या फोटोवरून पाठीमागे उभं करायची. जिल्ह्यातल्या निम्म्या लग्नांचे अल्बम तिच्या हातचे होते, आणि हे मला, तिच्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला, माहीत नव्हतं. प्रत्येक अल्बमच्या शेवटच्या पानावर साडूचं नाव होतं. मशीन विकायचं ठरलं तेही तिला गिऱ्हाईक दारात आल्यावर कळलं. गिऱ्हाईक म्हणजे मी.

"बाजारात म्हणं तुमी बाईला इचारल्याबिगर शेळी घेत न्हाई," ती म्हणाली. "माजी बहीण लई कौतुकानं सांगती. मला कोण इचारलं?"

हे खरं आहे. आमच्याकडे गाय-बैल पुरुषाचा, शेळी बाईची. पुरुष एकटा शेळी घेऊन बाजारात आला की मी आधी विचारतो, घरात सांगितलंय का? नाही सांगितलं तर मी ती शेळी घेत नाही, कारण दुसऱ्या दिवशी बाई येते, रडते, शिव्या देते, आणि गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. इतकी साधी गोष्ट. आणि इथे मी दारापर्यंत जाऊन चप्पल घालून परत येऊन भाव पाडत बसलो होतो, तो ज्याची चीज नव्हती त्याच्याशी.

माझा राग कुठे जाणार? तो साडूवर गेला. मी त्याला म्हटलं, चोरीचा माल विकलास मला. तो उसळून म्हणाला की मशीन त्याने विकत घेतलं, पावती त्याच्या नावाची, स्टुडिओ त्याच्या नावाचा. मी म्हटलं, नाव पाटीवर असतं, बसून डोळे कुणी फोडले? तो म्हणाला, मोबाइलवर फुकट फोटो काढणाऱ्यांनी धंदा बुडवला, तेव्हा कुणी आलं नाही, आता सगळ्यांना तोंडं फुटली. ते बोलताना त्याचा आवाज चिरकला. मला त्याची दया आली नाही. त्याने ती पंगतीत आधीच संपवली होती.

मुलगी मधे पडली. तिने माझ्यासारखा सौदा केला नाही. ती अक्काजवळ जाऊन म्हणाली, "मावशी, तार देऊ नका. तारेसंगं तुम्हीच चला. आठ दिवस."

अक्का साडूकडे न बघता आत गेली, पिशवीत लुगडी भरली, खिळ्यावरची तार काढून वर ठेवली. साडू म्हणाला, माझ्या जेवणाचं काय? मला उत्तर द्यायचं होतं, पण अक्काने माझ्याकडे बघून नको अशी मान हलवली.

पिकअपमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. घरी पोचल्यावर हातपाय धुतले, पडद्यावरची धूळ पदराने पुसली आणि तार स्वतःच्या हाताने लावली. मुलीने दोन बटणं दाबली. हसणारा नवरदेव गेला आणि त्या जागी लॅपटॉपवरचा नकाशा आला, आमच्या खोलीच्या निम्म्या भिंतीएवढा. बारीक रेषा बारीकच होत्या. मुलीने खुर्ची पुढे ओढली. मी तेवढ्यात अक्काला विचारलं, तार पुढे कायमची द्यायची तर काय घ्याल? ती म्हणाली की विकायची नाही आणि यावर पुन्हा बोलायचं नाही.

चाचणीच्या आठवड्यात त्या दोघी त्या खोलीतून जेवायलासुद्धा वेळेवर बाहेर येत नव्हत्या. मी दारात गेलो की दोन पाठी दिसायच्या. रेषा मुलगी ओढायची, अक्का जुन्या नकाशावर बोट ठेवून सांगायची की ही रेषा नाही, ही घडी पडलेली आहे, हा बांध नाही, हा शाईचा ओघळ आहे. फोटोवरचे डाग आणि चेहऱ्यावरचे तीळ वेगळे करण्यात तिची वर्षं गेली होती. मी काही बोलायला गेलो तर दोघी एकदम म्हणायच्या, जरा थांबा. माझ्या घरात, मी आणलेल्या पडद्यासमोर, मला जरा थांबा. साडूचे फोन यायचे. गॅस कसा लावायचा, तिखटाचा डबा कुठाय. अक्का एका वाक्यात सांगून फोन ठेवायची. एकदा त्याने मला फोन केला आणि गोड आवाजात विचारलं की तिला कधी पाठवताय. मी म्हटलं, मी विकत घेतलेल्या मालात ती नव्हती, माझ्याकडे चौकशी करू नको.

आठवडा संपला. कंपनीचं उत्तर यायचं होतं तेव्हा मी मुरुडच्या व्यापाऱ्यासाठी शेळ्या गाडीत चढवत होतो. एक बोकड काही केल्या फळीवर पाय ठेवत नव्हता आणि मी त्याच्या नावाने ओरडत होतो. बायको बाहेर आली आणि म्हणाली की पोरीचं काम झालं, पुण्याला जायचं नाही. मी विचारलं, कधी कळलं? ती म्हणाली, झाला की वेळ, आधी ताईला सांगितलं, मग मला, दोघी आत रडतायत.

म्हणजे मी तिसरा. मशीन मी आणलं, भाव मी पाडला, तारेसाठी धाराशिवला खेटे मी घातले, सख्ख्या साडूशी जन्माचं वैर मी घेतलं, आणि बातमी मला बोकडाची शिंगं हातात असताना, तिसऱ्या नंबरला. मी बायकोला तसं म्हटलं. ती म्हणाली, आत जाऊन पोरीला सांगा की. मी म्हटलं, जातो. आणि तो बोकड एकदाचा वर चढवून, फळी लावून, हात धुवून मी आत गेलो.